लाकडामागची वायर
(सोसायटीच्या गणेशोत्सवात सभासदांपुढे केलेले भाषण)



मी वायरमन नाही आणि सुतारही नाही. 36 वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवला. तरी आज वायरिंगवर बोलतो आहे, कारण हा धडा मी माझ्याच हॉलमध्ये शिकलो.

आपण इथे राहायला आलो तेव्हा घरात पंखे, फ्रिज आणि एक टीव्ही. मग एसी आला, इन्व्हर्टर आला, इंटरनेटची पेटी आली. भिंत कोण फोडणार? वायरी भिंतीवरूनच फिरल्या. सौ.ला ते जाळे बघवेना. म्हणून दिवाळीच्या तोंडावर टीव्हीमागे सागवानी विनियरचे पॅनेल ठोकून घेतले. खिळे, फेव्हिकॉल, वर पॉलिश. आलेगेले कौतुक करत.

दोन वर्षांनी मे महिन्यात, दुपारी, एसी चालू असताना प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. आम्ही स्वयंपाकघरात शोधतोय, शेजारी विचारतोय! शेवटी पॅनेलला हात लावला तर गरम. समोरच्या सोफ्यावर नातू झोपलेला. त्याला उचलले, मेन स्विच बंद केला आणि ते पॅनेल पटाशीने उखडले. एसीची वायर अपुरी पडली म्हणून कोणीतरी दुसरा तुकडा पिळून वर टेप गुंडाळली होती. टेप वितळलेली, प्लायची मागची बाजू कोळशासारखी काळी.

वायरमनला पहिला प्रश्न विचारला, "अहो, एमसीबी का पडला नाही?"

तो म्हणाला, "काका, तो का पडेल? करंट वाढलाच नव्हता."

हे मला ठाऊक नव्हते. एमसीबी पडतो तो ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर. आरसीसीबी बघतो ती गळती. सैल जॉइंट मात्र नेहमीच्याच करंटवर तापतो आणि या दोघांना त्याचा पत्ता लागत नाही. उघड्या भिंतीवर तो निदान डोळ्यांना दिसतो, हवाही लागते. लाकडामागे दोन्ही नाही.

तेव्हा लाकूड लावा, पण आधी वायरमन आणि मग सुतार. आपण नेमके उलटे करतो. वायर पीव्हीसी पट्टीतून किंवा पाइपमधून न्यावी, नुसती लाकडाला टेकवू नये. बोर्डापासून पॉइंटपर्यंत अखंड वायर. जोड द्यावाच लागला तर जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टर लावून, आणि त्याचे झाकण हाताला लागेल असे. एसीला स्वतंत्र लाइन, 4 चौरस मिमी तांब्याची. दिव्यांची दीडची वायर तिथे चालवू नका. एक्स्टेन्शन बोर्ड आणि अॅडॉप्टर पॅनेलमागे कोंडू नका. पॅनेल बसवण्याआधी वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे कोणी घड्याळासाठी खिळा ठोकताना वायरीत ठोकणार नाही. हे सगळे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. दोन-तीन हजार वाचवायला मीही गेलो होतो.

आणि पॅनेल स्क्रूचे करा. बँकेत तिजोरीसुद्धा तपासणीसाठी उघडत होती, माझे पॅनेल मात्र फोडावे लागले!

नवीन पॅनेल सहा स्क्रूंवर आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत उघडतो. कोणाला बघायचे असेल तर संध्याकाळी पाचनंतर या, स्क्रूड्रायव्हर टीव्हीच्या खणातच असतो.