घरी आरओ आहेच की! मग रीफ टँकला वेगळं युनिट कशाला?

घरात रीफ टँक ठेवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो.

टँकमधलं रोज लिटरभर पाणी वाफ होऊन उडायचं. तेवढं मी किचनच्या प्युरिफायरचं भरायचो. दोन महिन्यांत आधी गोगलगायी गेल्या, मग दोन्ही श्रिंप. मीठ बरोबर, तापमान बरोबर, काही कळेना. एकदा मी जग भरत असताना आई सहज म्हणाली, "तांब्याचं पाणी आहे रे ते, माशांना पण चांगलंच असेल." तिथे ट्यूब पेटली! आमच्या प्युरिफायरला कॉपर कार्ट्रिज होतं. टेस्ट किट आणलं, टँकच्या पाण्यात तांबं निघालं. आपल्याला चालणारं तांबं श्रिंप, गोगलगाय, कोरल यांना विष ठरतं. आणि पाणी उडून जातं, तांबं मागेच राहतं. रोज थोडं थोडं साठत जातं.

कॉपर नसलं तरी बरेच प्युरिफायर चवीसाठी क्षार परत मिसळतात. आपल्याला टीडीएस हवा शून्य. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय, म्हणजे रेझिनचा टप्पा लागतो. त्यामुळे युनिट घेताना 'सात स्टेज, नऊ स्टेज' ऐकून भुलू नका. तीन गोष्टी बघा.

एक, तुमचं पाणी. चांगला मेम्ब्रेन साधारण ९८ टक्के क्षार अडवतो. नळाचा टीडीएस १०० असेल तर पुढे २ येतो, बोअरचा ६०० असेल तर १२. उरलेलं सगळं रेझिनच्या डोक्यावर. म्हणजे बोअरवाल्याचं रेझिन साधारण सहापट लवकर संपणार. हा खर्च आधीच धरा.

दोन, प्रेशर. मेम्ब्रेनला ५०-६० पीएसआय लागतं. गच्चीवरची टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर मिळतं जेमतेम १४. म्हणून फ्लॅटमध्ये बूस्टर पंप जवळपास लागतोच.

तीन, कार्बन. क्लोरीन टीडीएस मीटरवर दिसत नाही आणि मेम्ब्रेन गुपचूप खराब करतो. कार्बन फिल्टर वेळच्या वेळी बदला.

शक्यतो दोन जागी टीडीएस मोजता येईल असं युनिट घ्या, डीआयच्या आधी आणि नंतर. आधीचा आकडा वाढला तर मेम्ब्रेनकडे बघा. नंतरचा शून्यावरून हलला तर रेझिन बदला. सरळ डीबगिंग आहे हे!

आणि हो, एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर बाहेर जातं. ते मोरीत सोडू नका, बादलीत धरा. आमच्याकडे त्याने फरशी पुसतात.

तेव्हा युनिट नंतर, आधी टीडीएस मीटर घ्या. काहीशे रुपयांत येतो. मी तो आधी घेतला असता, तर माझे श्रिंप बहुतेक वाचले असते.

भेटू पुढच्या भागात!