यंत्रांतील मींड

नाशिकच्या गंगापूर रोडनें गांव मागें टाकून गोवर्धनच्या बाजूस गेलें म्हणजे द्राक्षांचे मळे लागतात. तेथील सुलाच्या मळ्यांत २००८ सालापासून अनेक वर्षें संगीताचा उत्सव भरत आला. त्यांत गिटार व ढोल वाजविणाऱ्यांप्रमाणेंच केवळ विजेच्या यंत्रांवर संगीत उभें करणारे कलावंतही येत. तो एकसारखा ठेका आणि त्याखालीं वळवळणारा खर्जाचा स्वर ऐकून एखाद्या प्रौढ गृहस्थानें 'हें सारें विलायती!' असें म्हणून मान फिरविली, तर नवल नाहीं. परंतु याच जातीचें संगीत १९८२ सालीं मुंबईंत एका चित्रपट-वादकानें तबकडीवर उतरविलें होतें, आणि तेंही भैरव, तोडी, यमन या रागांत, ही गोष्ट त्या गृहस्थास बहुधा ठाऊक नसते.

त्या वादकाचें नांव चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ते गिटार वाजवीत, तसेंच पट्ट्यांचीं वाद्येंही वाजवीत. १९७१ सालच्या 'दम मारो दम' या गाण्यांतील ट्रान्झिकॉर्ड त्यांचेंच. नवें वाद्य दिसलें कीं तें हस्तगत करावें, हा त्यांचा छंद. सिंगापुरांत त्यांना रोलंड या जपानी कंपनीचीं नवीं यंत्रें मिळालीं, आणि त्यांतील तिघांच्या संगतींत त्यांनीं दहा राग बसविले.

पहिलें यंत्र ठेक्याचें, टीआर-८०८. तें १९८० सालीं बाजारांत आलें. त्यांत खऱ्या ढोलाचा आवाज सांठविलेला नाहीं. विजेच्या मंडलांतूनच प्रत्येक आघात घडविला जातो. म्हणून तो ढोलासारखा वाटतही नाहीं, आणि त्याबद्दल त्या काळीं त्याची चेष्टाही झाली. त्यावर सोळा कळा एका ओळींत असतात. आपल्याकडील वाचकास त्रितालाच्या सोळा मात्रा आठवतील. पण हा निव्वळ योगायोग होय. यंत्रास सम कळत नाहीं, खाली तर नाहींच नाहीं.

दुसरें यंत्र टीबी-३०३. सारें मर्म यांत आहे. एकट्या गिटारवादकास बेस वाजविणारा साथीदार मिळाला नाहीं, तर त्याची उणीव या लहानशा पेटीनें भरून काढावी, असा निर्मात्यांचा हेतु. तो साफ फसला. सुरावट भरण्याची रीत किचकट, आवाज बेस-गिटारशीं न जुळणारा. सुमारें दहा हजार नग निघाले आणि १९८४ सालीं उत्पादन बंद पडलें. परंतु त्या पेटींत दोन गुण होते. एक असा कीं, आंतील लहरींत मूळ स्वराबरोबर पुष्कळ उपस्वर असतात, आणि एक बटन फिरवून वरचे उपस्वर कमी-अधिक गाळतां येतात. दुसऱ्या बटनानें, जेथें गाळणी लागते नेमका तेथलाच उपस्वर उठावदार करतां येतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा किंचित् सरकविला असतां तार कशी बोलूं लागते, हें ज्यानें ऐकलें आहे त्यास या गाळणीचा खेळ समजावून सांगावा लागणार नाहीं. दुसरा गुण म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटतां घसरत जाण्याची सोय.

तिसरें ज्युपिटर-८: एकसष्ट पट्ट्यांचें, एका वेळीं आठ स्वर देणारें मोठें वाद्य. रागाचा विस्तार चरणजितांनीं यावर हातानें केला. बेसची आवृत्ति व ठेका मात्र आधीं भरलेला. सर्वांची गति एकाच विद्युत्-स्पंदानें बांधलेली. एच्.एम्.व्ही.च्या स्टुडिओंत दोन दिवसांत काम आटोपलें.

येथें आकाशवाणीच्याच इतिहासांतील एक वाद आठवतो. १९४० सालीं रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली, आणि ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. आक्षेप मुख्यतः दोन होते: पेटींत मींड नाहीं, आणि तिच्या बारा ठराविक स्वरांत श्रुति बसत नाहींत. सिंथेसायझरनें पहिल्या आक्षेपास निश्चित उत्तर दिलें. स्वर घसरतो, वळतो. भैरवांतील ऋषभ आंदोलित करावयाचा तर दांडीनें तोही हालवितां येतो. दुसऱ्या आक्षेपास मात्र त्याजपाशीं उत्तर नव्हतें. तोडीचा गांधार गवई जितका खालीं घेतो, तितका पट्टी आपण होऊन देत नाहीं. शिवाय बेसच्या पेटींतली मींड एकाच ठराविक वेळांत संपते. गवई ज्या स्वरावर रेंगाळावयाचें त्यावर रेंगाळतो. यंत्रास ती निवड नाहीं. म्हणून त्या तबकडीस रागदारीची बैठक म्हणूं नये, तशी ती समजून ऐकणाऱ्याची निराशाच होईल. रागाचें चलन अचल ठेक्यावर किती तग धरतें, याचा तो एक धीट प्रयोग होय, आणि मालकंस व कलावती यांसारख्या पंचस्वरी रागांत तो विशेष रंगला आहे.

तबकडी खपली नाहीं. चित्रपटसंगीताच्या गिऱ्हाइकास ती रूक्ष वाटली, रागदारीच्या रसिकानें ती हातींही धरली नसावी. पुढें १९८७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं फ्यूचर नांवाच्या तरुणांच्या मेळ्यानें तीच टाकाऊ ठरलेली पेटी घेऊन, बटनें मनसोक्त फिरवून 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली, आणि तीपासून ॲसिड हाउस नांवाचा संप्रदायच निघाला. कवडीमोल झालेली पेटी मग महाग झाली. २०१० सालीं एका डच संग्राहकानें चरणजितांची तबकडी पुन्हां प्रसिद्ध केली, तेव्हां साल वाचून कित्येकांस ही कोणी तरी केलेली थट्टा वाटली.

त्यांस त्या संप्रदायाचे जनक म्हणण्याची हौस कांहींनीं दाखविली. ती अतिशयोक्ति होय. शिकागोच्या तरुणांनीं त्यांचें ऐकून कांहीं उचललें, यास आधार नाहीं. एकाच पेटीनें दोन दूरच्या शहरीं दोघांस एकाच वाटेवर नेलें, इतकेंच. चरणजितांनीं मात्र त्या पेटीस मींड करावयास लाविलें, आणि तें पांच वर्षें आधीं. सत्तरी उलटल्यावर त्यांनीं युरोपांतील श्रोत्यांपुढें तेच राग पुन्हां वाजविले. जुलै २०१५ मध्यें मुंबईंत त्यांचें निधन झालें.