दयेचा अर्ज आणि बंद फाइल

मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ना खटला, ना शिक्षा. दयेच्या अर्जाचा प्रश्नच आला नाही. आज राज्यघटनेत ती सोय आहे: राष्ट्रपतींना कलम ७२, राज्यपालांना कलम १६१.

पण अर्जाचं पुढे काय होतं? पुण्यातल्या २००७ च्या बलात्कार आणि खून प्रकरणात राज्यपालांनी अर्ज फेटाळला, राष्ट्रपतींनीही फेटाळला. तरी कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतच राहिले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दिरंगाईमुळे फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि राज्यांच्या गृह किंवा तुरुंग खात्यांत दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितलं. म्हणजे दोष सरकारी ढिलाईचा, आणि पीडितेचं कुटुंब मात्र ताटकळत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४७२ मध्ये, मुदती आल्या. राज्याचा अभिप्राय मिळाल्यावर केंद्राने साठ दिवसांत शिफारस करायची, राष्ट्रपतींचा आदेश ४८ तासांत कळवायचा. राष्ट्रपतींना मात्र मुदत नाही. शिवाय त्यांच्या निर्णयाविरुद्ध अपील नाही, असंही तिथेच लिहिलंय.

मुदती आल्या, हे बरंच झालं. पण माफी का दिली किंवा का नाकारली, हे जाहीर करण्याची सक्ती या कलमात नाही. ती हवीच.