भिंतीवरचा कागद

(काशीगाव येथे नवसाक्षर मंडळींपुढे केलेले भाषण)



तुम्ही सगळे दिवसभर राबून इथं आला आहात. कुणी कारखान्यातून आला, कुणी बाजारातून. कुणी चूल आवरून, पोराला शेजारणीकडे ठेवून आली. म्हणून मी फार लांबण लावणार नाही. आज मला तुमच्याशी घराविषयी बोलायचं आहे. नव्या घराविषयी नव्हे, जुन्या घराविषयी.

घर जुनं झालं, मोडकळीला आलं, तर महानगरपालिका काय करते? कायदा काय सांगतो? आणि आपण काय करायचं? एवढंच सांगणार आहे. नीट ऐका. न कळलं तर मधेच विचारा.

गाव होतं, शहर झालं

तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना जुनं काशीगाव आठवत असेल. इथं भाताची खाचरं होती. भाईंदरकडे मिठागरं होती. काशी, मीरा, नवघर, घोडबंदर, भाईंदर अशी वेगवेगळी गावं होती. प्रत्येक गावाची ग्रामपंचायत होती. १९८५ साली या पंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. २००२ साली तिची महानगरपालिका झाली. आता मेट्रोच्या मार्गावरही काशीगाव हे नाव आलं आहे.

मुंबईत जागा परवडेना, तशी माणसं इकडे आली. कोकणातून आली, घाटावरून आली, परप्रांतातूनही आली. भराभर इमारती उठल्या. तीन मजली, चार मजली. त्या काळी चाळीस वर्षांचा विचार कुणी केला नाही. डोक्यावर छप्पर मिळालं, यातच सगळ्यांना समाधान होतं.

पण बघता बघता चाळीस वर्षं झाली. त्या इमारती आता म्हाताऱ्या झाल्या आहेत.

घर आजारी कसं पडतं?

सिमेंटच्या खांबात लोखंडी सळ्या असतात. माणसाच्या अंगात हाडं, तशा त्या सळ्या. आपल्याकडे खाडी जवळ आहे. हवा खारी आहे. पाऊस चार महिने कोसळतो. गच्चीतून पाणी मुरतं. संडास-मोरीची नळी गळते. ते पाणी सळीपर्यंत पोचतं. सळी गंजते.

आता गंमत पहा. गंजलेलं लोखंड फुगतं. ते आतून सिमेंटला ढकलतं. मग खांबाला उभी चीर जाते. छताचा पोपडा पडतो. आपण काय करतो? त्यावर रंग मारतो. पाहुणे येणार म्हणून चीर बुजवतो. आजार आत, मलम बाहेर!

तेव्हा ही लक्षणं ओळखा. खांबाला चीर गेली, छतातली सळी उघडी पडली, दार-खिडकी एकाएकी घट्ट बसायला लागली, भिंतीतून माती झडायला लागली, तर ते घराचं कण्हणं समजा. आणि कुणी आपल्या खोलीत मोठेपणा करायला मधला खांब किंवा भिंत फोडत असेल, तर त्याला तिथल्या तिथं अडवा. त्याच्या हौसेपायी सगळी इमारत खाली यायची.

कायदा काय म्हणतो?

महानगरपालिकांसाठी १९४९ सालचा एक कायदा आहे. त्यातली दोन कलमं तुमच्या कामाची आहेत.

एक आहे कलम २६५ अ. इमारतीला तीस वर्षं झाली, की मालकानं किंवा राहणाऱ्यांनी ती तज्ज्ञ इंजिनिअरकडून तपासून घ्यायची. हा इंजिनिअर पालिकेकडे नोंदलेला हवा. या तपासणीला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. डॉक्टर छाती तपासतो, तसा इंजिनिअर खांब तपासतो.

दुसरं कलम २६४. घर पडायला आलं आहे, माणसांच्या जिवाला धोका आहे, असं दिसलं, तर आयुक्त नोटीस देतात. दुरुस्त करा, नाहीतर पाडा, असं सांगतात. मालकानं ऐकलं नाही, तर पालिका स्वतः ते काम करू शकते आणि खर्च मालकाकडून वसूल करते.

२०१५ साली सरकारनं अशा इमारतींचे चार वर्ग ठरवून दिले. ते लिहून घ्या.

सी-१ : फार धोकादायक. ताबडतोब रिकामी करायची आणि पाडायची.

सी-२ अ : रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची.

सी-२ ब : रिकामी न करता दुरुस्ती करायची.

सी-३ : किरकोळ दुरुस्ती पुरे.

दर वर्षी पावसाळ्याआधी पालिका पाहणी करते. धोकादायक इमारतींची यादी काढते. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर नोटीस चिकटवते. आजच्या भाषणाला नाव द्यायचं, तर त्या भिंतीवरच्या कागदाचंच द्यायला हवं.

कागद लागला, आता काय?

समजा, तुमच्या इमारतीवर असा कागद लागला. मग जिन्यात काय बोलणं होतं, ते मी सांगतो.

एक म्हणतो, "दर वर्षी लावतात. काही होत नाही."

दुसरा म्हणतो, "हा मालकाचा डाव आहे. आपल्याला बाहेर काढायचं आणि जागा घशात घालायची."

तिसरी बाई म्हणते, "जायचं कुठं? पोरांची शाळा इथं, माझी चार घरची कामं इथं. भाड्यानं खोली घ्यायची तर डिपॉझिट कुठून आणू?"

मंडळी, यातलं पहिलं बोलणं आळसाचं आहे. पण दुसरं आणि तिसरं खोटं नाही. त्यात खरी भीती आहे. त्या भीतीनंच माणसं पडक्या घरात राहतात. म्हणून त्या भीतीचं उत्तर दिलं पाहिजे.

पहिली गोष्ट. घर पाडलं म्हणून हक्क मोडत नाही. तुम्ही भाडेकरू असाल आणि पालिकेनं इमारत पाडली, तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली तसं सांगितलं आहे. मात्र हक्काला पुरावा लागतो. म्हणून घर सोडण्याआधी पालिकेकडून आपली खोली मोजून घ्या. कोण राहत होतं, किती जागा होती, त्याचा लेखी दाखला मागा. भाड्याच्या पावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड, खरेदीखत, सगळं एका पिशवीत ठेवा. त्यांच्या दोन-दोन नकला काढून एक गावच्या घरी ठेवा.

दुसरी गोष्ट. नोटीस खोटी वाटत असेल, तर तपासणीचा अहवाल मागा. तो दाखवायला सांगा. दुसऱ्या नोंदलेल्या इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. दहा रुपयांचा अर्ज केला, तर साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते दहा रुपयेही नाहीत.

तिसरी गोष्ट. भांडण चालू द्या, पण जीव बाहेर ठेवून भांडा. हे मी मुद्दाम सांगतो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली. माणसं झोपेत होती. सुमारे ४० जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. त्याच्या एक महिना आधी, २४ ऑगस्टला, महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली. १६ माणसं गेली. ती इमारत तर फार जुनीही नव्हती. म्हणजे वय हा एकच धोका नव्हे. वाईट बांधकाम तरुण इमारतीलाही खातं. हक्कासाठी कोर्टात जाता येतं. पण कोर्टात जायला माणूस जिवंत पाहिजे.

घर पुन्हा बांधायचं कसं?

पाडणं सोपं. पुन्हा बांधणं अवघड. यालाच पुनर्विकास म्हणतात. पुन्हा बांधण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट सोसायटीची. सभासद एकत्र येतात, बिल्डर ठरवतात, जुनी इमारत पाडून नवी बांधतात. इथं पहिली अडचण जमिनीची. इमारत आपली, पण जमीन कागदावर अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर! सोसायटी झाल्यावर जमीन तिच्या नावावर करून देणं हे बिल्डरचं कर्तव्य आहे. १९६३ चा कायदा तसं सांगतो. पुष्कळांनी ते केलं नाही. म्हणून २००८ साली कायदा सुधारला. आता सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करू शकते आणि जमीन नावावर करून घेऊ शकते. याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. शब्द जड आहे, पण काम मोलाचं आहे. घरपट्टी भरली म्हणजे मालकी मिळाली, असं समजू नका. घरपट्टीच्या पावतीनं मालकी सिद्ध होत नाही.

बिल्डर कसा निवडायचा, याचे नियम सरकारनं २००९ साली घालून दिले आणि २०१९ साली सुधारले. एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत. निम्म्याहून जास्त सभासदांची संमती हवी. सभेचं चित्रीकरण हवं. बिल्डर निवडताना निबंधकाचा माणूस हजर हवा. कमिटीतल्या माणसाचा नातेवाईक बिल्डर म्हणून चालत नाही. बिल्डरनं खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी द्यायची. नवं घर होईपर्यंत तात्पुरती जागा किंवा भाडं द्यायचं. करार नोंदवलेला हवा. नव्या घराची कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा, त्यात लिहिलेली हवी.

दुसरी वाट अनेक इमारतींनी एकत्र येण्याची. एकेक इमारत लहान, रस्ता अरुंद, आगीचा बंब आत शिरत नाही. मग सगळा मोहल्लाच नव्यानं आखायचा. रस्ता रुंद, मधे मैदान, शाळेला जागा. याला क्लस्टर किंवा समूह विकास म्हणतात. ठाण्याच्या किसननगरात अशा कामाला २०२३ साली सुरुवात झाली. कल्पना चांगली आहे. पण जितकी माणसं जास्त, तितकी मनं जास्त. त्यामुळे वेळ लागतो.

तिसरी वाट झोपडपट्टीच्या सुधारणेची. ती तुम्हांला मी सांगायला नको. जनतानगर आणि काशीचर्च इथली गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोरची आहे. २००५ साली केंद्र सरकारनं शहरांसाठी मोठं अभियान काढलं. त्यातून इथल्या चार हजारांहून अधिक झोपड्यांच्या जागी पक्की घरं बांधण्याचं ठरलं. लोकांनी झोपड्या सोडल्या. संक्रमण शिबिरात राहायला गेले. पुढं पैशाची ओढाताण झाली. अभियानाची मुदत संपली. काहींना घरं मिळाली, पण पुष्कळांची उमेदीची वर्षं वाट पाहण्यात गेली. शिबिराच्या पत्र्याखाली मुलं लहानाची मोठी झाली.

यातून शिकायचं काय? योजना वाईट होती, असं नाही. पण घर सोडताना "नवं घर केव्हा?" या प्रश्नाचं उत्तर तारीख घालून, सही-शिक्क्यानिशी घेतलं पाहिजे. आणि घर मिळेपर्यंत एकमेकांना धरून राहिलं पाहिजे. पांगलेल्या माणसांचं कुणी ऐकत नाही.

ही चूक नवी नाही

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाट वस्तीत रोग पसरतो, म्हणून १८९८ साली सरकारनं सुधारणा ट्रस्ट काढला. त्यानं गलिच्छ वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. रस्ते आजही उपयोगाचे आहेत. पण सुरुवातीला घरं पाडली जास्त आणि बांधली कमी. गरीब माणूस जाणार कुठं? तो शेजारच्या वस्तीत शिरला. तिथली गर्दी वाढली. घाण हलली, पण गेली नाही.

आणि आता दुसरी बाजू पहा. मुंबईत बीडीडी चाळी आहेत. शंभर वर्षांच्या. १६० फुटांची खोली, संडास बाहेर. तिथल्या लोकांनी किती वर्षं वाट पाहिली! २०१७ साली कामाचं भूमिपूजन झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याच जागी. म्हणजे काम होतं. लोक टिकून राहिले, तर होतं.

शेवटी एकच सांगतो

पालिका नोटीस लावील. पालिका यादी काढील. पण तुमच्या छताचा पोपडा पडलेला आधी तुम्हांलाच दिसतो. तेव्हा पावसाळ्याची वाट पाहू नका. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. उन्हाळ्यातच सगळ्यांनी मिळून इमारत पाहा. गळती काढा. तपासणीसाठी दरमहा थोडे पैसे बाजूला टाका. वरच्या मजल्यावरची म्हातारी एकटी असेल, तर तिलाही सभेला घेऊन या. तिचंही मत मोजा.

आणि आता तुमच्याकडे एक नवं हत्यार आहे. काल-परवापर्यंत कुणी कागद पुढं केला, की तुम्ही अंगठा उठवत होता. त्यात काय लिहिलं आहे, ते समोरचा सांगेल तेच खरं. आता तुम्ही वाचू लागला आहात. मग सही करण्याआधी सगळा कागद वाचा. मागची बाजूही वाचा. कोरा कागद असेल तर सही करू नका. एखादा शब्द अडला, तर वर्गात घेऊन या. आपण सगळे मिळून लावू.

उद्या घरी जाताना आपल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीकडे पाहा. कागद लावलेला असेल, तर जिन्यात उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचा. तुमच्या वाचण्यानं कुणाचा तरी जीव वाचेल.

गाव करील ते राव काय करील! बसा, आता तुमचे प्रश्न विचारा.