दहा दिवसांचे स्वयंसेवक आणि उरलेले वर्ष

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या या दहा दिवसांत आपल्यापैकी प्रत्येक जण स्वयंसेवक असतो. कुणी सतरंज्या घालतो, कुणी प्रसाद वाटतो, कुणी मुलांच्या स्पर्धांची यादी सांभाळतो. कुणाला सांगावे लागत नाही. आज आम्हाला बोलायचे आहे ते अनंत चतुर्दशीनंतरच्या दिवसांबद्दल. ही सवय मंडपाच्या कनातीबाहेर, आपल्या मुरारमध्ये कुठे आणि कशी उपयोगी पडेल, एवढाच आजचा विषय.

आपली मराठी वस्ती हे एक बेट आहे, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. खऱ्या बेटावरचे मराठी लोकही आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांचे वंशज आज तिथे राहतात. बाजारात ते क्रिओल बोलतात. गणेश चतुर्थीला मात्र तिथे साऱ्या देशाला सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकता येते. देशाच्या कामात मिसळूनही त्यांनी घरचा गणपती टिकवला, हे आपण लक्षात घेण्यासारखे आहे.

आपले बेट वेगळ्या तऱ्हेने तयार झाले. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला तळ दिला आणि लष्कर वसले. मुरारची छावणी इंग्रजांनी 1844 मध्ये उभारली. 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात किल्ला आणि मुरार शिंद्यांकडे परत आले. त्या सरकारात आपले पूर्वज कारकून, शिक्षक, शिलेदार, पुजारी होते. गावाशी त्यांचा संबंध रोजच्या कामातून येत असे. आज ती कामे राहिली नाहीत. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याही पलीकडे आहेत. घरात दोन वयस्क माणसे आणि एक फोन. शेजारी चांगला असतो, पण ओळख नमस्कारापुरती.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत याचा अनुभव आम्ही सर्वांनी घेतला. एका ज्येष्ठ सभासदांचा मुलगा परदेशातून रात्रभर फोन करीत होता. ऑक्सिजनचे सिलिंडर आणून दिले ते मागच्या मोहल्ल्यातल्या तीन मुलांनी. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. संकटात धावून येणारा माणूस आपल्या भाषेचा असेलच असे नाही, आणि तो आपल्या गल्लीतच असतो. तेव्हा गल्लीशी नाते आधीपासून हवे, हा यातला हिशेब आहे.

आता परदेशातल्या मुलांकडून शिकण्यासारखी एक गोष्ट. सिंगापूर, आयर्लंड, न्यूझीलंड अशा बेटांवर आपल्या घरांतली मुले गेली आहेत. पहिल्या वर्षी त्यांचा सूर एकटेपणाचा असतो. पुढे एखादी सून सांगते, शनिवारी वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवते. एखादा मुलगा सांगतो, समुद्रकिनारा साफ करायला जातो. मग हळूहळू फोनवर तिथल्या माणसांची नावे येऊ लागतात. ओळख व्हावी म्हणून त्यांनी काम शोधले, आणि ते शोधले वाचनालयाच्या सूचना-फलकावर, देवळात, मुलांच्या शाळेत. आपल्यालाही तिथूनच सुरुवात करता येईल.

जे आई-वडील सहा-सहा महिने मुलांकडे जातात त्यांनाही हे जमते. पण दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. पहिली, आपल्या व्हिसावर असे काम, बिनपगारी असले तरी, चालते का. दुसरी, कोणती पडताळणी लागते. आयर्लंडमध्ये लहान मुले किंवा असहाय व्यक्तींबरोबर काम करायचे तर पोलिसांची पडताळणी होते, तिला गार्डा व्हेटिंग म्हणतात. त्यात अपमान काही नाही. तिथे जन्मलेल्यांनाही ती लागते.

आता मुरार. इथे काम कुठे आहे, ते आम्ही क्रमाने सांगतो.

पहिले, रक्तदान. मुरारचे जिल्हा रुग्णालय आपल्या दारात आहे आणि पलीकडे जयारोग्य. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 असावे. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. साठीनंतर पहिल्यांदाच रक्त देता येत नाही, म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्यांनी उद्यावर ढकलू नये. ज्यांना देता येत नाही त्यांनी मोहल्ल्यातल्या रक्तगटांची यादी ठेवावी. तेही काम मोलाचे आहे.

दुसरे, क्षयरोग्यांचा आहार. सप्टेंबर 2022 पासून निक्षय मित्र ही योजना चालू आहे. रुग्णाची संमती असेल तर एखादी व्यक्ती किंवा मंडळ त्याला किमान सहा महिने पोषक आहार पुरवू शकते. डाळ, कडधान्य, तेल, शेंगदाणे असा महिन्याचा शिधा असतो. क्षयाच्या औषधाबरोबर पोटात अन्न हवे, नाहीतर अशक्तपणा येतो आणि माणूस औषध अर्ध्यावर सोडतो. दहा घरांनी मिळून एक रुग्ण घेतला तर कुणालाच भार होणार नाही. रुग्णाचे नाव मात्र चार ठिकाणी सांगत फिरू नये.

तिसरे, अक्षरओळख. उल्लास या केंद्राच्या कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकवायचे असते. 2022 ते 2027 अशी त्याची मुदत आहे. शिकवणाऱ्याला मानधन नसते. आपल्याकडे त्याला अक्षर साथी म्हणतात. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना स्वतःची सही, बसची पाटी आणि मोबाईलवरची रक्कम वाचता आली तर त्यांचे किती अडते-नडते ते सुटेल. निवृत्त शिक्षिका आपल्यात कमी नाहीत. शाळेत चौकशी केली तर नोंदणी कशी करायची ते कळते.

चौथे, दृष्टिहीन विद्यार्थी. ग्वाल्हेरमध्ये माधव अंधाश्रम आहे. अशा मुलांना पुस्तके मोठ्याने वाचून देणारे, ध्वनिमुद्रण करून देणारे आणि परीक्षेत लेखनिक होणारे लोक लागतात. लेखनिकाच्या पात्रतेचे नियम परीक्षा घेणाऱ्या मंडळाचे असतात, ते आधी पाहावेत. आपल्या कॉलेजमधल्या मुलांसाठी हे काम विशेष योग्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत मुलांना वर्षाला 120 तास सेवा करावीच लागते, ती अशी सत्कारणी लागेल.

पाचवे, ज्यांना माणसांत बोलायचा संकोच आहे त्यांच्यासाठी. लाल टिपाऱ्याची आदर्श गोशाला आपल्या मुरारची. 2 ऑक्टोबर 2024 ला तिथल्या शेणापासून गॅस करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. आमच्या मते सणावारी नुसता गूळ घेऊन जाण्यापेक्षा आधी व्यवस्थापकांना भेटून काय लागते ते विचारावे. तसेच राज्याच्या आनंद संस्थानाने 2017 पासून आनंदम नावाची ठिकाणे सुरू केली. जास्तीचे तिथे ठेवावे, ज्याला लागेल त्याने न्यावे. कपडे द्यायचे तर धुऊन, बटणे लावून द्यावेत.

सहावे, आपली मुरार नदी. आज तिला सगळे नाला म्हणतात. निर्माल्य आणि मूर्तींच्या बाबतीत निदान आपल्या मंडळापासून सुरुवात करता येईल. शाडूची मूर्ती, बादलीत विसर्जन आणि निर्माल्याचे खत, यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

काही शंका नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे, सरकारी नोकराला हे चालते का. मध्य प्रदेश सिव्हिल सेवा आचरण नियम 1965 चे आहेत. त्यांत सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाच्या मानद कामाला वाव आहे, नोकरीच्या कामात अडथळा मात्र येता कामा नये. राजकारण वर्ज्य. आम्ही सरकारी नोकरीतली माणसे साहेबांच्या कानावर घालून ठेवतो, म्हणजे पुढे प्रश्न येत नाही.

दुसरी शंका अशी की आपण मराठी, बाहेरचे, आपल्याला कोण विचारतो. याचे उत्तर चंबळच्या खोऱ्यातच आहे. मे 1960 मध्ये विनोबा भिंड-मुरैनात पायी फिरले. कोकणातल्या गागोद्याचा हा माणूस. वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पुढे बंगळूरचे सुब्बाराव जौऱ्याला आले. त्यांनी तरुणांची शिबिरे भरवली, सकाळी श्रमदान आणि संध्याकाळी गाणी. कुदळ हातात घेऊन रस्ता करणाऱ्याला कुणी तुझे गाव कोणते असे विचारले नाही. 1972 च्या एप्रिलमध्ये त्याच जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे बागींचे मोठे समर्पण झाले. आपण तर इथे दोनशे वर्षे आहोत.

तिसरी शंका वेळेची. यावर आमचे म्हणणे साधे आहे. मोठा संकल्प करू नये. महिन्यातून दोन तास, ठरलेला वार, ठरलेली जागा. नियमित येणाऱ्या एका माणसावर रुग्णालयाची किंवा शाळेची माणसे भिस्त ठेवतात. फोटोपुरते आलेले वीस जण ते विसरून जातात. आणि पहिल्या दिवशी काय द्यायचे ते ठरवून जाऊ नये. तुम्हाला काय हवे, असे विचारून मग घरी येऊन विचार करावा.

म्हणून एक सूचना करतो. मंडळात वर्गणीची वही असते तशी एक सेवेची वही ठेवू या. डाव्या पानावर कुठे काय लागते, कुणाला भेटायचे आणि कोणत्या वेळी. उजव्या पानावर प्रत्येक घराने आपले नाव आणि दोन तास लिहावेत. ज्या आजी-आजोबांना बाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे कोण आणि कोणत्या वारी जाईल, हेही त्याच वहीत लिहावे, कारण आपल्याच लोकांची विचारपूस हीसुद्धा सेवा आहे. दर तीन महिन्यांनी वही वाचायची, आणि ज्याला जमले नाही त्याला कुणी बोल लावायचा नाही.

वही आम्ही आणली आहे. आरतीनंतर ती प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवलेली असेल, पेनसुद्धा बांधून ठेवले आहे. प्रसाद घेता घेता एकदा उघडून पाहा.

गणपती बाप्पा मोरया!