वर्षभर विज्ञानकथा

किन्हवली परिसरातल्या वाचकांसाठी आज एक संकल्प सुचवते: वर्षभर, महिन्याला एक विज्ञानकथेचं पुस्तक.

सुरुवात जयंत नारळीकरांपासून करा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज.! नावलौकिकाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये, म्हणून हस्ताक्षरही पत्नी मंगलाताईंचं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची ही सचोटी मला फार मोलाची वाटते.

त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ तर जरूर वाचा. उजव्या हातानं गोलंदाजी करणारा खेळाडू अचानक डावखुरा होतो, आणि त्यामागे आरशातल्या प्रतिमेसारखी उलटापालट असते. क्रिकेट आवडणाऱ्या मुलामुलींना ही कथा आधी द्या.

पुढे लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्नही हवाच.

आता वेळेचं. आषाढात भातलावणी सुरू झाली की हातात पुस्तक धरायला सवड कुठली? तेव्हा एखादीच छोटी कथा पुरे. नारळीकरांच्या ‘प्रेषित’सारखी कादंबरी भाताची झोडणी उरकल्यावर, निवांत घ्या. वाचताना पडलेला प्रश्न वहीत टिपा आणि शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना विचारा: यातलं खरं किती, कल्पना किती?