शेळी कुणाची, ते मॅजिस्ट्रेटला सांगू

(वडवणी इथल्या जमीन हक्क मेळाव्यातलं भाषण. पाल्हाळ तेवढं काढलं आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



आधीच्यांनी गायरानाचं सांगितलं. मी रस्त्याचं बोलतो. गायरान पेरलं, दोन शेळ्या वाढवल्या, तरी त्या बाजाराला न्याव्या लागतात, आणि बाजाराच्या आधी रस्ता लागतो.

बीड-परळी रोडनं बाजाराच्या दिवशी किती माणसं शेळ्या-कोंबड्या घेऊन जातात! कुणी कुणाला विचारत नाही. पारधी दिसला की शिट्टी वाजते. "ए, थांब. कोण रे तू? शेळी कुणाची? पावती दाखव." आता मला सांगा, घरच्या शेळीला झालेल्या करडाची पावती कोण देतं? बोकड देतो का? हसू नका. पाटलाच्या करडाचीपण पावती नसते. त्याला कुणी मागत नाही एवढंच.

कुठलं ठाणं, कुठला जमादार, ते मी बोलत नाही. हे एका ठाण्याचं नाही. रस्त्याच्या कडंला उकिडवं बसवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचं. दुपार कलली की सोडून देतात, कारण केस करण्यासारखं काही नसतंच. तोवर बाजार उठलेला. पुढच्या आठवड्याला तोच व्यापारी म्हणतो, "तुला त्या दिवशी बसवलं होतं ना? चोरीची असंल, निम्म्यात दे." थांबवणं चार तासांचं, पण भाव कायमचा पडतो. बायांचं तर विचारू नका. नवी साडी दिसली की कुठून आणली, डोरलं दिसलं की कुणाचं. बाजाराला जाताना डोरलं काढून घरी ठेवणाऱ्या बाया इथं बसल्यात.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. १९५१ चा पोलीस कायदा, आधी मुंबई पोलीस कायदा म्हणायचे, आता महाराष्ट्र पोलीस कायदा. त्याचं कलम १२४: चोरीचा असावा असं मानायला कारण आहे असा माल ज्याच्याजवळ सापडेल, आणि ज्याला त्याचा खुलासा देता येणार नाही, त्याला शिक्षा. हेच दाखवून आपल्याला दरडावतात. पण खुलासा कुणाला पटायला पाहिजे? कलमात जमादार लिहिलेला नाही, मॅजिस्ट्रेट लिहिलेला आहे. आणि चोरीचा मानायला कारण पाहिजे. जात हे काय कारण झालं?

त्याच कायद्यात १२२ आहे. नामचीन चोर अंधार पडल्यावर रस्त्यावर घुटमळताना सापडला आणि समाधानकारक उत्तर देईना, तर गुन्हा. नामचीन कुणी ठरवायचं? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, हजेरी लावली, बाहेर जायला पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. १९५९ ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. त्यात जमातीचं नाव नाही, पण शिट्टी वाजवणाऱ्याच्या डोक्यात जुनीच यादी आहे.

बंगालात पुरुलिया जिल्ह्यात १९९८ च्या फेब्रुवारीत बुधन सबर नावाचा आदिवासी बायकोबरोबर सायकलवर चालला होता. पानाच्या दुकानाशी थांबला, तिथूनच उचलला. आठवड्याच्या आत कोठडीत मेला. पण त्याच्या लोकांनी प्रेत जाळलं नाही, लपवून पुरून ठेवलं. म्हणून पुन्हा तपासणी झाली. महाश्वेतादेवींच्या संघटनेनं कलकत्ता हायकोर्टात नेलं आणि कोर्टानं भरपाई आणि सीबीआयची चौकशी द्यायला लावली. त्याच साली जूनमध्ये आपल्याकडं बारामतीचा एक पारधी कोठडीत मेला. थांबवणं कुठवर जातं ते कळावं म्हणून सांगितलं.

पोरांना आपण म्हणतो पळू नका. पळणारा पोरगा चोर असतो म्हणून पळत नाही हो, बापाला झालेला मार आठवून पळतो. तरी पळू नका, कारण पळाला की वर आणखी एक कारण मिळतं.

सुप्रीम कोर्टानं १८ डिसेंबर १९९६ ला बसू खटल्यात सांगितलंय: पकडणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी पाहिजे. अटकेचा कागद तिथल्या तिथं करायचा, त्यावर वेळ-तारीख, घरच्या माणसाची नाहीतर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीची सही. नातेवाइकाला कळवायचं. आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, हे तर घटनेतच आहे. म्हणून विचारायचं, "साहेब, अटक आहे का? असंल तर कागद करा. नसंल तर जाऊ द्या." आवाज चढवायचा नाही. एकट्यानं हे विचारलं तर मार बसतो, हे मला ठाऊक आहे. चौघांनी विचारलं तर सहसा बसत नाही.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, प्रत्येक शेळीचा सरपंचाचा दाखला घ्या, कटकट नको. माझा ह्याला विरोध आहे. बाजारातून विकत घेतलेल्या जनावराची पावती जपा, ती सगळेच जपतात. पण घरच्या करडाला दाखला घेतला, की उद्या दाखला नसलेली शेळी चोरीचीच ठरंल. सेटलमेंटातला पास आपणच पुन्हा मागून घेतला असं होईल. आणि सरपंच दाखला देईल तरी का? गायरानावरून त्याच्याशीच तर भांडण आहे.

एक कागद मात्र जपाच. गायरानाच्या दंडाची पावती, एक-ई ची नोंद. २८ नोव्हेंबर १९९१ च्या जीआरसाठी आपण ती सांभाळतोय, १४ एप्रिल १९९० च्या आधीचा कब्जा दाखवायला. रस्त्यावरही ती कामाला येते. "कुठला रे तू?" ला तिथं गाव आणि गट नंबर छापून उत्तर आहे. फिरस्ता म्हणता येत नाही. झेरॉक्स जवळ ठेवा, अस्सल घरी.

येत्या बाजारी एकेकट्यानं निघायचं नाही, आठ-दहाजण मिळून. बरोबर वही. थांबवलं तर तारीख, वेळ, जागा, पट्टीवरचं नाव, पट्टी नसंल तर नाही असं लिहायचं, आणि त्या दिवशी शेळी कितीला गेली तेही. महिन्याची वही तहसीलदार आणि एसपी साहेबांपुढं ठेवू. लिहिता येणारी पोरगी प्रत्येक वस्तीत एक तरी आहे. वही कुणाकडं ठेवायची, ते उठायच्या आधी वस्तीवार सांगा, मी नावं लिहून घेतो.